परड्यातला पाला वाळवून ठेवता का? तुमचे अनुभव सांगा

शहापूर, बेळगाव :
गेल्या आषाढात मेथीचा डबा उघडला आणि आत पांढरी बुरशी. पौषात बारा पेंड्या निवडल्या होत्या, सगळं उकिरड्यावर गेलं. फार जिवाला लागलं. थंडीत आमच्या परड्यात पाला मावत नाही, आणि पावसाळ्यात बाजारात मेथी येते ती चिखलाची, निम्मी कुजलेली. म्हणून थंडीतच वाळवून ठेवायची, ही सासूबाईंची रीत. त्यांची मेथी गणपतीपर्यंत हिरवी राहायची, माझी सलग दोन वर्षं गेली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळकडच्या सगळ्यांनी लिहा: काय वाळवता, कसं वाळवता आणि मुख्य म्हणजे आपल्या पावसात टिकवता कसं?

निपाणी :
ताई, डब्यात भरली कधी? दिवसाच्या कुठल्या वेळी?

शहापूर, बेळगाव :
सकाळी. चार दिवस माडीवर सावलीत पसरली होती. पाचव्या दिवशी आंघोळ झाल्याबरोबर भरली.

निपाणी :
मग चूक तिथंच आहे. आमचं घर तंबाखूचं. रानात वाळलेलं पान दुपारी हाताळलं तर भुगा होतो. म्हणून आजोबा ते पहाटे हलवायचे. रात्रीचं दव पिऊन पान मऊ पडतं, मोडत नाही. मेथीचं पानही रात्री तसंच दमट होतं, पण आपल्याला इथं नेमकं उलटं पाहिजे. तीन-चार वाजता, पान चुरचुरत असताना भरायचं. मुठीत दाबल्यावर आवाज करून मोडलं तरच डब्यात. नुसतं दुमडलं तर अजून एक दिवस. देठ तर घ्यायचेच नाहीत. पान वाळतं, देठात पाणी राहतं आणि तेच पाणी डब्यात पसरतं.

तिळकवाडी, बेळगाव :
आम्ही फ्लॅटमध्ये, बाल्कनीत चार कुंड्या. कोथिंबीर तीनदा वाळवून पाहिली. रंग राहतो, वास जातो, गवत चावल्यासारखं लागतं. मी नाद सोडला. पुदिना मात्र झकास वाळतो. फुलं यायच्या आधी, सकाळी दव उडाल्यावर कापते, धुऊन फडक्यावर निथळवते आणि पंख्याखाली पसरते. ऊन अजिबात दाखवत नाही, उन्हानं तो काळपटतो. पानं अख्खीच ठेवते, ताकात टाकताना चुरते. आधीच चुरून ठेवलं की वास लवकर उडतो. ताज्या तीन चमच्यांना वाळलेला एक चमचा पुरतो.

कढीपत्ता नुसता वाळवला तर त्यातही जीव राहत नाही. तो मी मंद आचेवर कुरकुरीत करून सुकं खोबरं, तीळ आणि लसणाबरोबर कुटते. चटणीत त्याची चव टिकते.

चिकोडी तालुका :
आमच्यात हरभऱ्याचा पाला. मार्गशीर्षात, फुलाला यायच्या आत कोवळे शेंडे खुडायचे. त्यानं झाडाला फुटवाही चांगला येतो. घाटेअळीला फवारणी झालेली असली तर मात्र त्या रानात हात घालायचा नाही. आणि ही भाजी धुवायची नाही. पानावर जी आंब असते तीच तिची चव, पाण्यानं ती निघून जाते. पूर्वी आई रात्री पिकावर धोतराचं फडकं टाकायची आणि पहाटे पिळून आंब बाटलीत भरून ठेवायची. पोट दुखलं की पाण्यातून थेंब थेंब द्यायची.

खुडलेला पाला ऊन-सावलीत दोन-तीन दिवस वाळवतो. मेथीसारखा रंगाचा सोस नाही, तो तपकिरी झाला तरी चालतो. पावसात रानात जायची सोय नसते, माळवं नसतं. तेव्हा मूठभर पाला चुरून तुरीच्या डाळीत टाकायचा, थोडं ज्वारीचं पीठ लावायचं आणि वरून ठेचलेल्या लसणाची, सुक्या मिरचीची फोडणी. शेजारच्या अक्का हिलाच कडली पल्ल्या म्हणतात. त्यांच्या घरून आमच्याकडं आणि आमच्या घरून त्यांच्याकडं वाटी जाते.

तिळकवाडी, बेळगाव :
काका, धुवायची नाही हे माहीतच नव्हतं. मी दरवर्षी तीन पाण्यांनी धुते आणि आंबट का लागत नाही म्हणून शेवटी चिंच घालते!

जांबोटी, खानापूर :
तुम्ही बेळगावचा पाऊस म्हणता, आमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं. कापडी पिशवीत काहीही राहत नाही. पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचो, धूर आणि ऊब दोन्ही मिळायची. गॅस आल्यावर माळा थंड पडला आणि पहिल्याच वर्षी तिरफळांना वास यायला लागला. आता काचेच्या बाटल्या. तिरफळं वाळून उकलली की आतली काळी बी काढून टाकतो, टरफल तेवढं ठेवतो. बांगड्याच्या आमटीत चार-पाच पुरतात.

बाटली भरल्यावर झाकण लावून तासभर उन्हात ठेवून बघा. आतून काचेवर वाफ धरली तर माल वाळलेला नाही, परत पसरा. आणि एक मोठा डबा नको, लहान लहान बाटल्या काठोकाठ भरा. मोठा डबा रोज उघडला की रोज दमट हवा आत जाते. लहान बाटली आठ-दहा दिवसांत संपते, बाकीच्यांना हातच लागत नाही.

हल्याळ :
आमच्याकडं गवती चहा. पावसानं रान माजतं, दसऱ्यानंतर कापतो, कात्रीनं अर्धा इंचाचे तुकडे करून सावलीत आठवडाभर. थंडीभर चहाला होतो. ओव्याचं पान वाळवू नका. इतकं मांसल असतं की वाळायच्या आधी काळं पडतं. ताज्याची भजी करावीत.

कंग्राळी :
घरची मेथी वाळवली की कसुरी मेथी होते का? माझा वास कधीच तसा येत नाही.

निपाणी :
नाही होत. कसुरी मेथी ही मेथीची वेगळी जात, पान बारीक आणि वास उग्र. नाव पाकिस्तानातल्या कसूर गावावरून पडलंय. आपल्याकडच्या बाजारातला बराच माल राजस्थानातल्या नागौरकडून येतो. तो वास आपल्या पेंडीत शोधू नका. आपली मेथी थोडी कडू, पिठल्यात आणि वरणात ती जास्त चांगली लागते. अंदाज हवा असेल तर किलोभर निवडलेल्या पानांचे वाळून दीडशे ग्रॅमच्या आसपास उरतात.

शहापूर, बेळगाव :
सगळं वाचलं आणि हल्याळजवळ दिलेल्या नणंदेला फोन केला. आई डबा कधी भरायची, विचारलं. त्या म्हणाल्या, भरायची दुपारीच, पण वहिनी, तुम्ही मे अखेरीला रोहिणी नक्षत्र लागायच्या आत परत उन्ह दाखवता का?

ते मी कधीच केलं नव्हतं. सासूबाई मे महिन्यात पापड-कुरडयांची वाळवणं घालताना मेथीचा डबाही माडीवर न्यायच्या. परातीत पातळ पसरून वर जुन्या साडीचं फडकं, तासभर. मग गार करून लगेच भरायची. गरम भरली तर डब्यातच घाम येतो. मी समजत होते की त्या फक्त डबा पुसायला वर नेतात.

त्यांचा पितळी डबा अजून आहे, पण यंदा मेथी लहान बाटल्यांत भरीन. डब्यात त्या बाटल्या उभ्या करून ठेवते, अंधारात राहतील. दहा पेंड्या आजच निवडल्यात. हरभऱ्याचा पाला कुणी विकत देणार असेल तर सांगा, न धुतलेला.