आडवाटा आणि महामार्ग, दोन्हींसाठी कोणती मोटारसायकल घ्यावी?

करवीरवासी:
नमस्कार. मी नोकरीसाठी कोल्हापुराहून रोज महामार्गाने कागलच्या औद्योगिक वसाहतीत जातो. सुट्टीच्या दिवशी मात्र गगनबावडा, बर्की, विशाळगड या भागांतल्या कच्च्या गाडीवाटांवर फिरायचे असते, तेही बहुधा एकट्यानेच. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे. हीरो एक्सपल्स 210 आणि रॉयल एनफिल्ड हिमालयन 450 यांपैकी एक घ्यायची आहे. दोन्हींच्या सीटची उंची कागदावर जवळजवळ सारखीच, म्हणजे 830 मिलिमीटरच्या आसपास दिसते. मग निवड कशावरून करावी?

सह्यवाट:
आपण ‘एकट्यानेच’ असे लिहिले आहे, त्यातच उत्तराचा मोठा भाग आहे. हिमालयनचे वजन सुमारे 196 किलो, तर एक्सपल्स 210 चे सुमारे 168 किलो आहे. डांबरी रस्त्यावर हा फरक जाणवत नाही, उलट जड गाडी वाऱ्यात अधिक स्थिर राहते. परंतु पावसात लाल मातीच्या चढावर गाडी आडवी झाली आणि हाक ऐकायला जवळपास कोणी नसले, की ती उभी करताना प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. सीटचा आकडाही एकटा पाहू नये. सीट पुढे किती निमुळती आहे आणि आपण बसल्यावर सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा, किती दबते, यावर पाय किती टेकतील ते ठरते. दोन्ही गाड्यांवर बूट घालून, शक्यतो उतरत्या जागी, बसून पाहा. माझे मत एक्सपल्सच्या बाजूने आहे.

पंचगंगाकाठ:
वरील मत कच्च्या वाटांपुरते मला मान्य आहे, पण आपला रोजचा प्रवास महामार्गाचा आहे, हे विसरून चालणार नाही. हिमालयनचे इंजिन 40 पीएस शक्ती देते, एक्सपल्स 210 चे 25 पीएसहून थोडी कमी. मागे कोणाला बसवून, सामान बांधून आंबोलीमार्गे गोव्याला जायचे असेल, तर मोठ्या इंजिनाचा निवांतपणा आणि 17 लिटरची टाकी फार उपयोगी पडते.

करवीरवासी:
मागे बसणारे सहसा कोणी नसते आणि लांबचे प्रवासही क्वचितच होतात. म्हणजे एक्सपल्सच योग्य वाटते. टायर लगेच बदलावेत का?

सह्यवाट:
आधीचे टायर झिजेपर्यंत बदलू नका. ठोकळेदार नक्षीचे टायर चिखलात उत्तम पकड देतात, पण ओल्या डांबरावर ब्रेक मारताना ते कमी भरवशाचे असतात, आणि आपले बहुतेक किलोमीटर डांबरावरचे आहेत. त्याऐवजी इंजिनाखालची संरक्षक पत्रा-पट्टी पाहा. शोरूममधली पातळ वाटली तर शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यातून जाड ॲल्युमिनियमची करून घेता येते. जांभ्याचे टोकदार दगड आधी तिथेच बसतात. एक कळकळीची विनंती: पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मळलेली वाट सोडून गवतात गाडी घालू नका, कारण तिथे खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे आणि चाकांची चर पडली की पावसात ती माती वाहून जाते. कच्च्या वाटेवर टायरमधली हवा थोडी कमी करावी, पण फार नाही, नाहीतर दगडावर आपटून रिम वाकते आणि ट्यूब चिमटून पंक्चर होते. जवळ छोटा पंप ठेवा आणि डांबरावर येताच हवा पूर्ववत भरा.