आमच्या स्कीममधला मातीचा बंधारा: पावसाआधी पाणी उतरवायचं की नाही?

ओढ्याकाठचा

मुळशी तालुक्यातल्या एका प्लॉटच्या स्कीममध्ये आमचा छोटा प्लॉट आहे. पुण्यातली ४० कुटुंबं, शनिवार-रविवारची जागा. मधोमध ओढा अडवून तलाव केलाय. बंधारा मातीचा, मध्यभागी ७ मीटर उंच, ९० मीटर लांब. भरला की पाणी हेक्टरभर पसरतं. सरासरी खोली ३ मीटर धरली तर ३० हजार घनमीटर, म्हणजे ३ कोटी लिटर. बंधाऱ्याखाली ४०० मीटरवर वाडी आहे: अकरा घरं आणि अंगणवाडी.

गेल्या रविवारी बंधारा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिला. सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट, मुळात ४ मीटर रुंद. बोटींच्या धक्क्यासाठी भिंत घातल्यामुळे अडीच मीटर उरलाय. त्यात मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी. माथ्यावर सुबाभूळ आणि गुलमोहर. कोरड्या उतारावर घुशींची बिळं. आणि पायथ्याशी, भरावातून जाणारा जुना पाइप जिथे बाहेर येतो तिथे, मे अखेरीलाही चिखल.

माझी मागणी: जाळी आणि भिंत काढा, पाणी दीड मीटर उतरवा, जाणकाराकडून पाहणी करून घ्या. मीटिंगमध्ये बहुतेकांनी विरोध केला. मला ते पटलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

रविवारची_बोट

मीटिंगमध्ये विरोध करणाऱ्यांत मीही होतो, कारणं सांगतो. बंधारा १४ वर्षं उभा आहे. २०१९ चा पाऊस झाला, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तो पाऊस झाला, इथे दगडसुद्धा हलला नाही. मातीच्या बंधाऱ्यातून थोडा पाझर असतोच. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना, आणि १० ते १५ मीटरमध्ये काही अटींवर लागू होतो. आपला ७ मीटरचा. खडकवासल्यात दोन टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, त्यापुढे हे डबकं आहे. शिवाय दोन दिवस पाऊस झाला की तलाव पुन्हा भरणार, मग उतरवून काय मिळवलं?

कोथरूडकर

बोटवाल्यांशी सहमत. आणि ज्यांनी स्कीम बांधून विकली त्यांनी बघावं ना. आम्ही मेंटेनन्स भरतो.

वाडीवरची

मी खालच्या वाडीतली. आमचं घर ओढ्याला लागून. पूर्वी एप्रिल-मेमध्ये ओढा कोरडा ठाक असायचा, पोरं त्यात खेळायची. आता दोन वर्षं झाली, बारीक धार असते. पहिल्या वर्षी पाणी नितळ होतं, बायका भांडी घासायच्या. यंदा गढूळ येतंय. आमच्या सासऱ्यांनी तुमच्या वॉचमनला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, वर कळवतो.

बत्तीस_वर्षं_पाटबंधारे

ताईंनी लिहिलंय ते सगळ्यांनी पुन्हा वाचा. पाझर नितळ असेल तर मोजत राहायचं. गढूळ झाला म्हणजे पाणी भरावातली माती घेऊन बाहेर पडतंय. आतून पोकळ वाट तयार होत जाते आणि भराव एकदम खचतो. भरावातून पाइप गेला असेल तर ही वाट बहुधा पाइपाच्या कडेनेच पडते, कारण तिथे माती नीट दाबली जात नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचा भराव पाणी सोडायच्या भुयारावरच खचत गेला होता. पुण्यात हे कोणाला वेगळं सांगायला नको.

आता सांडवा. तुमचं पाणलोट ४० हेक्टर असेल आणि भिजलेल्या डोंगरावर तासाला ५० मिमी पाऊस पडला, तर तासात २० हजार घनमीटर पाणी येतं, सेकंदाला साडेपाच घनमीटर. सांडव्यावरून मीटरभर उंचीचं पाणी वाहतंय असं धरलं तर ४ मीटर रुंदीतून सेकंदाला पावणेसात घनमीटर जातं. अडीच मीटरमधून सव्वाचारच. जाळीत पालापाचोळा अडकला की त्याहून कमी. उरलेलं पाणी माथ्यावर चढणार, आणि मातीचा माथा वाहतं पाणी सोसत नाही.

धागाकर्त्यांनाही एक सांगतो. पाणी घाईने उतरवू नका, दिवसाला फुटापेक्षा जास्त नको. आतल्या उताराची माती भिजून जड झालेली असते, समोरचा पाण्याचा टेका एकदम गेला तर तो उतार घसरतो. आणि मोठी झाडं लगेच कापू नका. मुळं कुजली की भरावात नळ्या तयार होतात. झुडपं काढा, मोठ्या झाडांचं पाहणीनंतर ठरवा.

रविवारची_बोट

सांडव्याचा हिशेब मान्य. जाळी उद्याच काढायला सांगतो, भिंतीचं मीटिंगमध्ये मांडतो. पण पाणी उतरवायचं कसं? पाइपाचा व्हॉल्व्ह सहा वर्षांपासून जाम आहे. आणि कायद्यात बसत नसताना आपणच 'धोका' म्हणत सुटलो तर उद्या प्लॉट कोण घेईल? लोकांनी आयुष्याची बचत घातली आहे इथे.

ओढ्याकाठचा

माझीही बचत तिथेच आहे. पण कायद्यात बसत नाही याचा अर्थ कोणी सरकारी माणूस तपासायला येणार नाही. मग पाहणारे आपणच उरतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण आपल्यापेक्षा मोठं, तरी सरकारी भाषेत लघु प्रकल्पच होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, वीसेक माणसं गेली, आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. ताईंचे सासरे दोनदा सांगून गेले हे मला आज कळलं. ते आपल्या मीटिंगपर्यंत पोचलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतंय.

कोथरूडकर, बांधणाऱ्यांना पत्र जरूर लिहू. पण उत्तर येईपर्यंत जुलै उजाडेल.

बत्तीस_वर्षं_पाटबंधारे

जाम व्हॉल्व्ह जोर लावून फिरवू नका. तुटला तर पाइपातून पूर्ण दाबाने पाणी सुटेल. माथ्यावरून सायफनचे पाइप टाका, आणि पावसाळाभर ते चालू ठेवा, म्हणजे तलाव पुन्हा भरण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. पाइपाचं तोंड भरावापासून लांब, ओढ्यात सोडा.

कोथरूडकर

सायफनचा खर्च वर्गणीतून करायला माझा अजूनही विरोध आहे. पाहणीच्या फीला नाही. आधी पाहणी, मग पाणी.

ओढ्याकाठचा

गढूळ पाणी येत असताना मी 'आधी पाहणी' मान्य करणार नाही. पाइप मी भाड्याने आणतो, वर्गणीचं नंतर भांडू. तोवर रोज सकाळी पाझर मोजायला हवा: बादली भरायला किती सेकंद लागतात ते आणि पाण्याचा रंग, दोन्ही वहीत. वॉचमनवर सोडायचं नाही. रविवारी आठ वाजता कोण येतंय?

रविवारची_बोट

मी येतो. बादली आहे माझ्याकडे.

वाडीवरची

मधल्या दिवसांत मी लिहीन. सकाळी तिकडूनच जाते. फक्त रात्री पाणी वाढलं तर फोन कोणाला करायचा, तो एक नंबर आम्हाला द्या. अकराही घरांत.