धनशक्ती बाजरी: लोह जास्त, मग पेरा का वाढत नाही?

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी-मोहोळकडचे दोन-तीन एकरवाले कोरडवाहू शेतकरी ही बाजरी का धरत नाहीत? बी महाग पडतं का?

उत्तर १: बी अडचण नाहीच. सुधारित वाण आहे, संकरित नव्हे. घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. कणसं मात्र रानाच्या मधली निवडा, बांधाकडची शेजारच्या संकरित बाजरीच्या परागानं बिघडतात. एकरी दीड किलो, दोन ओळींत ४५ सेंमी ठेवून पाभरीनं पेरा, खोली २-३ सेंमीच. खोल पडलं नि वर पपडी धरली की उगवण गेली. अरगट (कणसावरचा बुरशीचा रोग) टाळायला १० लिटर पाण्यात २ किलो मीठ, त्यात बी टाका; तरंगलेलं काढा, बुडालेलं दोनदा धुऊन सावलीत वाळवा.

उत्तर २: खरी गोम बाजारात. आडतीत लोहाला कोण भाव देतो? दाण्याचा रंग-आकार बघतात, बस्स. उतारा संकरितपेक्षा कमी. शिवाय इथं जनावरांना ज्वारीचा कडबा हवा, बाजरीचं सरमाड (वाळली ताटं) नव्हे.

उत्तर ३: पीठही आठवड्यात कडवट होतं, म्हणून थोडंथोडंच दळावं लागतं. ७५-८० दिवसांत रान मोकळं होतं खरं, पण ओल बाजरीनं ओढलेली. सप्टेंबरात पाऊस नसेल तर मागाहूनची मालदांडी (रब्बी ज्वारी) कशावर येणार? घरच्या खाण्यापुरती पाच-दहा गुंठे करा.