ॲक्युरेट आणि प्रिसाइज : दोन्हींना ‘अचूक’ म्हणणं थांबवा

मोजपट्टी (धागाकर्ता)
20.00 मिमीचा स्लिप गेज (नेमक्या मापाचा ठोकळा) मायक्रोमीटरनं पाचदा मोजा. 20.03, 20.03, 20.04, 20.03, 20.03 आलं तर मायक्रोमीटर प्रिसाइज आहे, ॲक्युरेट नाही. दुसऱ्यानं 19.98, 20.02, 20.00, 19.99, 20.01 आलं तर सरासरी 20.00, म्हणजे ॲक्युरेट आहे, प्रिसाइज नाही. इलाजही निराळे. पहिल्याचे जबडे पुसून झिरो बघा, 0.03 जास्त दाखवत असेल तर तेवढं वजा करा किंवा चावीनं स्लीव्ह (खुणा असलेली स्थिर नळी) फिरवा. दुसऱ्यात स्क्रू झिजलाय, नाहीतर ठरावीक दाबालाच घसरणारा रॅचेट सोडून थिंबलच (फिरवायचा दांडा) आवळला जातोय. मराठीत दोन्हींना ‘अचूक’ म्हटलं की शिकाऊ पोरगा काय दुरुस्त करणार?

टूलरूम
दुसऱ्याला ॲक्युरेट म्हणायला माझा साफ विरोध. आयएसओ 5725 हे मानक 1994 पासून सांगतंय की ॲक्युरसीत ट्रूनेस आणि प्रिसिजन दोन्ही येतात. सरासरी बरोबर, हा फक्त ट्रूनेस. मशीनवर पाच रीडिंग कोण घेतो? एकच घेतात. शाफ्टला 19.979 ते 20.000 एवढीच सूट असेल तर 20.00 चा चांगला शाफ्ट 20.02 वाचून रिजेक्ट होईल, आणि 20.01 चा 19.99 वाचून पास. तो मग असेंब्लीत हातोडीशिवाय बसत नाही. ‘अचूक’ म्हणजे चूक नसलेलं. दोन्ही गुण असतील तिथंच तो शब्द शोभतो.

मोजपट्टी
ट्रूनेसचा मुद्दा मान्य, माझी मांडणी जुन्या पाठ्यपुस्तकातली होती. पण मग प्रिसिजनला शब्द हवाच. ‘काटेकोर’ नको, काटेकोर हिशेब म्हणजे बरोबर हिशेब असाच अर्थ घेतात. ‘सारखेपणा’ घ्या.

ऑफसेट
सारखेपणा ठीक, पण कोणाचा ते सांगा. तोच माणूस, तेच साधन, लागोपाठ रीडिंग : ही रिपीटेबिलिटी. माणूस बदलल्यावरही जुळलं तर रिप्रोड्युसिबिलिटी. शिवाय डिजिटल कॅलिपरवर 0.01 दिसतं, ते रिझोल्यूशन, म्हणजे साधन दाखवू शकतं तो सर्वात लहान फरक. त्याला प्रिसिजन समजणं ही सर्रास होणारी चूक आहे.

शब्दांच्या घोळानं खरं नुकसान सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या मशीनवर) होतं. जॉबची (बनवलेल्या भागांची) मापं विखुरलेली असताना ऑपरेटर प्रत्येक जॉबनंतर जेवढं माप चुकलं तेवढाच ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) बदलतो. विखुरणं निव्वळ योगायोगाचं असेल तर त्यानं ते कमी होत नाही, सुमारे 1.4 पट वाढतं! ऑफसेट हा ट्रूनेसचा इलाज. सारखेपणासाठी क्लॅम्पिंग, इन्सर्ट (कापणारं पातं), स्पिंडलचं प्ले (ढिलेपणा) बघावं लागतं.

टूलरूम
आणि तापमान. 100 मिमीचा स्टीलचा जॉब 40 अंशांवर मोजला तर 20 अंशांच्या मानानं साधारण 0.023 मिमी मोठा दिसतो, दर वेळी तेवढाच. सारखेपणा उत्तम, माप चुकीचं. ऑफसेटला हात लावण्याआधी जॉब गार होऊ द्या.