थारमध्ये एअर कॉम्प्रेसर कायमचा बसवायचाय: वायर किती जाड घेऊ, अर्थ कुठे देऊ?

कलमबाग_देवगड:
बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर घेतलाय, कमाल ३० अँपिअर. पावसाचं पाणी लागू नये म्हणून मागच्या सीटच्या बगलेत बसवणार. बॅटरीपासून वायर ४ मीटर. बाग सड्यावर, वाट सगळी जांभ्याची. चढताना टायर २० पीएसआयवर आणतो, हायवेला लागलं की परत ३२. मागे आंब्याच्या पेट्या असताना कमी हवेवर पळवायची नाही. गॅरेजवाला म्हणतो, सिगारेट लायटरच्या लाइनवरून घेऊ. मला पटत नाही. काय करू?

सडा४बाय४:
लायटरला हात लावू नका. तिथला फ्यूज बहुतेक १५ नाहीतर २०चा असतो. तो उडतो म्हणून कोणी मोठा टाकला की आतली वायर जळते.

वायरिंगवाला_रत्नागिरी:
दादा, तुमची शंका बरोबर आहे. थेट बॅटरीवरूनच घ्या, पण जाडीचा हिशोब आधी करा. करंट जातो तसा परतही येतो, म्हणजे ४ नाही, ८ मीटर. चार चौरस मिमीच्या वायरवर ३० अँपिअरला एक व्होल्टच्या वर वाटेतच जातो, सहाच्यावर पाऊण, दहाच्यावर अर्ध्याच्या आत. दहाचीच घ्या. व्होल्टेज पडलं की मोटर रडत चालते, हवा भरायला वेळ लागतो आणि तेवढी जास्त तापते.

४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात. कॉम्प्रेसरजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली. पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला कोण वाचवणार? रिले (बटणाच्या छोट्या करंटवर मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ७० अँपिअरचा बघा, ४०चा बॉनेटखालच्या उष्णतेत काठावर चालतो. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: ३०ला फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ला कॉम्प्रेसर, ८५ला अर्थ (निगेटिव्ह), ८६ला डॅशवरचं बटण. बटणाची लाइन इग्निशनवरून घ्या, चावी काढली की सगळं बंद. टाकी असेल तर प्रेशर स्विच (टाकी भरली की मोटर थांबवतो तो) ८६च्याच वायरमध्ये घाला, मोटरचा करंट त्याच्यातून नेऊ नका.

आता आपल्याकडचं खरं दुखणं: खारा वारा. साधी तांब्याची वायर टोकापासून आत काळी पडत जाते, वरून प्लास्टिक नवंकोरं दिसतं. मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची कामं करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला विचारा, कल्हई केलेल्या तांब्याची (टिन्ड) वायर कुठे मिळते ते तो सांगेल. महाग आहे, तरी घ्या. लग्ज, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारे धातूचे तुकडे, चांगल्या क्रिंपरने (दाबायच्या पकडीने) दाबा. नुसतं झाळकाम केलं की झाळ संपते तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने तुटते. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). आणि अर्थ मागच्या सीटच्या बोल्टला अजिबात नको, निगेटिव्हही दहाचीच वायर पुढे आणा. गंजलेला अर्थ शोधण्यात माणसाचे दिवस जातात.

कलमबाग_देवगड:
माझ्या बॅटरीच्या निगेटिव्हवर छोटा सेन्सर दिसतोय. थेट पोलला जोडू?

वायरिंगवाला_रत्नागिरी:
नको. सेन्सर असेल तर त्याच्या बॉडीकडच्या बाजूला, म्हणजे जाड अर्थ केबल बॉडीला जिथे बसते त्या स्टडवर जोडा. पोलवर जोडलात तर हा करंट सेन्सरला दिसतच नाही आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. स्टड घासून पांढरा करा, घट्ट करा, मग वरून वॅसलीन. झालं की इंजिन चालू ठेवून टायर भरताना मीटर लावा, एकदा बॅटरीवर, एकदा कॉम्प्रेसरच्या टोकांवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवा. एकाहून जास्त आला तर जोड सैल आहे, बोटाने चाचपा, गरम लागेल तोच.

सडा४बाय४:
कॉम्प्रेसरचा फिल्टर फरशीजवळ ठेवू नका. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ तिथेच बसते.