मध्ययुगीन बाप्तिस्मा कुंडं: चर्चमध्येच असू द्यावीत की संग्रहालयात न्यावीत?

छिन्नी_हातोडा:
इंग्लंडमध्ये हेरेफर्डशायरातल्या अर्डिस्ली गावच्या चर्चमध्ये साधारण ११५० सालचं दगडी कुंड आहे, म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायचं भांडं. दोन योद्धे भिडलेत, एकाचा भाला दुसऱ्याच्या मांडीत घुसलाय. पलीकडे येशू एकाला हाताला धरून नरकातून खेचतोय, भोवती गाठीगाठींची नक्षी. असा ऐवज खेड्यातल्या ओलसर चर्चमध्ये, राखण नसताना? माझं म्हणणं, मूळ कुंड संग्रहालयात न्या, जागेवर प्रतिकृती बसवा.

भटकभवानी:
अजिबात पटलं नाही. कुंड दाराजवळ असतं, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. काचेमागे ठेवलंत की नुसतं नक्षीकाम उरेल. अशा कित्येक कुंडांत आजही गावातल्या पोरांचा बाप्तिस्मा होतो. त्यांना काय सांगणार, प्रतिकृतीवर भागवा?

छिन्नी_हातोडा:
गावाकडेच राहू द्या म्हणता? पूर्व इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लियातली पंधराव्या शतकातली अष्टकोनी कुंडं बघा. सात बाजूंवर चर्चचे सात संस्कार (बाप्तिस्मा, विवाह वगैरे) कोरलेले, आणि त्यातले कितीतरी चेहरे पोपची सत्ता झुगारणाऱ्या धर्मसुधारणेच्या धामधुमीत ठेचलेले. डिअरहर्स्ट गावचं सॅक्सन काळातलं, म्हणजे १०६६ च्या आधीचं कुंड तर शेतावर हौदासारखं वापरलं जात होतं!

भटकभवानी:
आणि ते परत कुठे आलं? चर्चमध्येच. ठेचाठेचीचं खापर गावावर कशाला? इंग्लंडच्या संसदेच्या १६४५ च्या उपासना-नियमावलीने पोपच्या काळात कुंडं जिथे ठेवली होती तिथे बाप्तिस्मा द्यायलाच मनाई केली, ती वरूनच आली होती. बरं, जुन्या कुंडांचे काठ कधी नीट बघितलेत? कित्येकांचे टवके उडालेत, कुठे लोखंडी कडीचा तुकडा अजून शिशात रुतलेला. जादूटोण्यासाठी लोक मंतरलेलं पाणी चोरत, म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना झाकण-कुलूप लावायला सांगितलं. पुढे कड्या उपटल्या, काठ फुटले. हे सगळं त्या जागेवरच समजतं.

खारा_दगड:
भांडा खुशाल, पण दगडाचा खरा वैरी क्षार. रविवारपुरता हीटर, बाकी आठवडा गारठा. जमिनीतली ओल वर चढते, पाणी उडतं, क्षारांचे स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटतात. आधी पायथ्याची ओल थांबवा. कुंड उखडून न्यायचं म्हणजे मोडतोडीला आमंत्रण. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १८७३ पासून प्लास्टर प्रतिकृतींची दालनं आहेतच. प्रतिकृती तिकडे, दगड इकडे.

छिन्नी_हातोडा:
चालेल. पण रविवारी मूठभर डोकी जमतात त्या चर्चने ओल काढायचा खर्च कुठून करायचा, ते सांगा.