सभामंडपात बुवांचे शब्दच कळत नाहीत

पखवाजवाला, कुडाळ: देवळात यंदा गुळगुळीत फरशी घातली, चिऱ्यांच्या भिंतींना गिलावा केला. आता डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) मागे बसलेल्यांना नुसता गलका ऐकू येतो. हे घुमणं मोजायचं कसं?

खाडीकाठ: रिकाम्या मंडपात मोठा फुगा फोडा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. आवाज ६० डेसिबल उतरायला लागतो तो वेळ म्हणजे आरटी-६०. पंखे बंद ठेवा. तरी ६० मिळणार नाहीत, पहिले ५ डेसिबल सोडून पुढचे २० उतरायला लागलेला वेळ मोजून तिप्पट करा. बोलण्याला सेकंदभर ठीक.

पखवाजवाला: २.८ सेकंद! गुरवकाका धावत आले ते वेगळंच.

रापण: आरटी-६० काढायचं सॅबाइनचं सूत्र: ०.१६१ गुणिले मंडपाचं घनफळ (घनमीटर), भागिले शोषण (भिंती, माणसं मिळून किती आवाज गिळतात ते, चौरस मीटरमध्ये). माणसं बसली की शोषण वाढतं, आकडा उतरतो. मागच्या भिंतीला जाड पडदे लावा, चार बोटं जागा सोडून. सगळीकडे नको हां, भजन मेल्यासारखं वाटेल.